वालपापडीवरची मंडळी

दिवाळी सरली की पंधरवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार यायची, आणि तक्रार आली की माझी मोठी बहीण खूश व्हायची. काकू जिन्यातूनच सुरुवात करायच्या. "अहो, माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर परत चिकट थेंब पडलेत. गुळाचं पाणी शिंपडल्यासारखे. तुमचा तो वेल आहे ना, त्याचं काहीतरी करा बाई." ताई दारात उभी राहून सगळं ऐकून घ्यायची, "हो काकू, बघते," म्हणायची, आणि दार लावून माझ्याकडे वळायची. "मावा पडला. आता मंडळी येतील."

मंडळी म्हणजे ढालकिडे. शेतीच्या पुस्तकांतून त्यांना हे नाव आहे. इंग्रजी शाळेतली मुलं लेडीबग म्हणतात. ताईला ही दोन्ही नावं मीच वाचून दाखवली होती. उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला दुसरं काय जमणार? तिने ती ऐकून घेतली आणि मंडळीच म्हणत राहिली. चित्रांत असतो तसा लालभडक, ठिपक्यांचा किडा आमच्याकडे क्वचित दिसायचा. डोंबिवलीतला आमचा किडा पिवळट नारिंगी, मसुराच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, कुणीतरी घाईघाईने पेन चालतंय का बघितल्यासारख्या.

आम्ही दोघी बहिणी, दोघीही बिनलग्नाच्या, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. ताई बँकेत होती. तिला माणसांचा कंटाळा नव्हता, पण बँकेतून घरी आल्यावर ती माणसांशी फारशी बोलायची नाही. बाल्कनीत जाऊन बसायची. तिथे एका फुटक्या पिंपात ती गणपतीच्या सुमारास वालपापडी लावायची. दसऱ्यापर्यंत वेल सगळं ग्रिल झाकून टाकायचा. मग जांभळी फुलं यायची, आणि फुलांच्या कोवळ्या देठांवर काळा मावा. मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे. ते इतके दाटीने बसतात की देठाला काळा लोकरीचा मोजा घातलाय असं वाटतं. त्यांच्या अंगातून गोड चिकटा झिरपत राहतो. तोच काकूंच्या चादरींवर पडायचा. चिकट्यामागोमाग मुंग्या, आणि मुंग्यांनंतर पानांवर काजळी. कुणीही शहाणा माणूस इथे फवारा आणेल. ताई आणायची नाही.

"अगं, अर्धा वेल काळा पडलाय," मी म्हणायचे.

"पडू दे."

"शेंगा लागायच्या नाहीत एक."

"लागतील. थांब जरा. पानं वाढल्याशिवाय पाहुणे पाटावर बसतात का?"

आणि पाहुणे यायचे. पावसाळ्यात शोधूनही एक सापडायचा नाही. मार्गशीर्षात एखाद-दुसरा, तोही चुकून आल्यासारखा, ग्रिलच्या गजावरून खालीवर करणारा. पौषात पानांच्या पाठीमागे पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसायचे, उभ्या ठेवलेल्या बाजरीच्या दाण्यांसारखे. अंड्यांतून अळ्या. ह्या अळ्या मात्र पाहणाऱ्याला आवडाव्यात अशा मुळीच नसतात. काळ्या, अंगावर काटे, बाजूला नारिंगी डाग, आणि चालणं असं की ताई त्यांना सुसरी म्हणायची. पण मावा खरा खातात त्या ह्याच. संक्रांतीपर्यंत त्यांचे किडे व्हायचे आणि मग ते सगळीकडे असायचे: खिडकीच्या काचेवर, वाळत घातलेल्या टॉवेलवर, एकदा तर तिळगुळाच्या डब्याच्या झाकणावर. देठ परत हिरवे दिसायला लागायचे. काकूंच्या चादरी कोरड्या व्हायच्या. होळी झाली, ऊन तापलं, वेल पिवळा पडला, की एक दिवस लक्षात यायचं की बऱ्याच दिवसांत कुणी दिसलेलं नाही.

मी वाचलं होतं की थंड मुलखांत हे उलटं असतं. तिकडे आशियातून नेऊन सोडलेली ह्यांचीच एक जात आहे. हिवाळा तोंडावर आला की ती थव्यांनी घरांच्या फटींत शिरते, भिंतींवर, पडद्यांमागे, दिव्यांच्या काचांत. लोक वैतागतात, केरसुणीने गोळा करून बाहेर टाकतात. मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे यायला पाहिजे होते एवढे. मी नसते झाडले." आमच्याकडे थंडी हाच त्यांचा बाहेर पडायचा काळ. डोंबिवलीच्या त्या दोन महिन्यांच्या गारव्याला थंडी म्हणायचं असेल तर.

ते कुठून यायचे ह्याबद्दल आमचा एक अंदाज होता. आमच्या समोर एक मोकळा प्लॉट होता. वारसांच्या भांडणात वर्षानुवर्षं पडलेला. तिथे रुईची झुडपं माजली होती, आणि रुईवर जवळजवळ बारा महिने पिवळा मावा असतो. मंडळींचं बिऱ्हाड बहुधा तिथेच असावं आणि आमच्याकडे ती हंगामापुरती यायची, कोकणातली माणसं मुंबईच्या नातेवाइकांकडे यायची तशी.

ताईचं हे थांबणं मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटायचं. घाई न करता, विष न मारता, ज्याचं त्याला करू द्यायचं. मी पुस्तकांत असल्या माणसांबद्दल वाचत आले होते आणि माझ्या घरात तसं एक होतं. आता मला ते शहाणपण वाटत नाही. निदान सगळीकडे लागू पडणारं तरी नाही.

काखेजवळ एक गाठ ताईच्या हाताला एका संक्रांतीच्या सुमारास लागली होती. मला ते कळलं त्या वर्षीच्या भाद्रपदात, तेही ती ब्लाउजच्या बाह्या उसवत बसली होती म्हणून. दंड सुजला होता.

"इतके महिने काय करत होतीस?" मी विचारलं.

"थांबले होते. म्हटलं, जिरेल."

"गाठ जिरते?"

"कधीकधी जिरते म्हणे."

"कोण म्हणे?"

ती उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मी आयुष्यात तिच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. ती म्हणाली, "हळू. काकूंना ऐकू जाईल."

ठाण्याच्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि ते, वाईट वाटून, म्हणाले, "आधी आला असतात तर." हे वाक्य कशासाठी म्हणतात ते मला आजवर कळलेलं नाही. ताईने मान हलवली, जणू बँकेत एखादा खातेदार चेक उशिरा घेऊन आलाय आणि तिला त्याची अडचण समजतेय. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. औषधं सुरू झाली. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "या वर्षी वाल लावायचे राहिलेत. गणपती होऊन गेले."

आम्ही लावले. म्हणजे मी लावले आणि ती स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "एवढं खोल नको. बी आहे ते, पुरायचं नाहीये." मग स्वतःच हसली.

त्या वर्षी वेल उशिरा चढला, पण चढला. फुलं आली. मावा आला. आणि मंडळी आली नाही.

कारणं उघड होती, मला लांब कुठे जावं लागलं नाही. समोरच्या प्लॉटचं भांडण पावसाळ्याआधी मिटलं होतं; जेसीबीने दोन दिवसांत सगळी रुई मुळापासून काढली आणि पत्रे ठोकून आत नव्या इमारतीच्या पायाचं पायलिंग सुरू झालं. शिवाय पावसात इमारतीत दोघांना डेंगी झाला, तेव्हा सोसायटीच्या बैठकीत ठरलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला दर महिन्याला बोलवायचं. तो पाठीवर टाकी लावून यायचा आणि कंपाउंडमधल्या तगरीपासून जिन्यातल्या कोपऱ्यांपर्यंत सगळं भिजवून जायचा. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. डेंगी वाईटच असतो.

ताईची खाट आम्ही बाल्कनीच्या दाराशी आणली. रोज सकाळी चहाच्या आधी तिचा एकच प्रश्न असायचा.

"आली का मंडळी?"

मी भिंग घेऊन जायचे, देठन् देठ पाहायचे. "नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"मग उद्या."

खोटं सांगावं असं अनेकदा मनात यायचं. पण ती ताई होती. आली म्हटलं असतं तर दाखव म्हणाली असती.

काकू तिला भेटायला यायच्या. खाटेजवळच्या खुर्चीत बसून गुडघे चोळत इकडचं तिकडचं बोलायच्या. चिकट्याचा विषय काढायच्या नाहीत, जरी त्यांनी चादरी घरात वाळत घालायला सुरुवात केल्याचं मला जिन्यातून दिसत होतं. शेवटी ताईनेच विचारलं, "काकू, या वर्षी जास्त पडतोय ना चिकटा?"

"पडू दे हो. चादरीचं काय मोठंसं! तुम्ही बऱ्या व्हा आधी."

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "काकू गोड बोलायला लागल्या. म्हणजे मी काही वाचत नाही."

रविवारी कोलशेतहून वहिनी यायची, आमच्या चुलतभावाची बायको. आम्हा दोघींपेक्षा वयाने मोठी आणि दोघींना मिळून असेल त्याच्या दुप्पट उत्साह. खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहते. येताना सूप, मऊ भात, ताईसाठी सुती गाऊन, काय काय घेऊन यायची. आल्या आल्या ओटा पुसायला घ्यायची. मनाने चांगली आहे. हे मला मुद्दाम लिहावं लागतंय, कारण पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज होईल.

वेल पाहून ती दर वेळी दचकायची. "अगं बाई, काय हे काळं काळं! आजारी माणसाच्या उशाशी किडे? काढून टाक गं. आमच्या टॉवरमध्ये तर एक डास दिसायचा नाही तुला."

"मग करमतं कसं तुम्हाला?" ताईने विचारलं.

"घ्या! हिला चेष्टा सुचतेय," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

माघ लागला. ताईचं खाणं जवळजवळ थांबलं होतं. औषधाच्या गुंगीत ती दिवसभर असायची; सकाळचा प्रश्नही आता रोज येत नव्हता. मी मात्र सवयीने बघत राहिले. आणि एका सकाळी खालच्या एका पानामागे पिवळा पुंजका होता. मी पान सोडलं, परत धरलं. होता. कुठून तरी एक मादी आली होती, मला न दिसता, आणि काम करून गेली होती. नंतर दुसऱ्या फांदीवर दुसरा पुंजका. मी ताईला लगेच सांगितलं नाही. अंड्यांतून काही निघेपर्यंत मला सांगायचा धीर नव्हता.

निघालं. आधी दोऱ्याच्या टोकाएवढं, मग रोज थोडं मोठं. आठवड्याभरात सुसरी वेलभर हिंडायला लागल्या. मी ताईच्या कानाशी वाकून म्हटलं, "ताई, पिल्लं आलीत."

तिने डोळे उघडले. "किती?"

"बरीच."

"दाखव."

मी एक पान तोडून बशीत ठेवून आणलं, भिंग धरलं. पानावर एक सुसर माव्याच्या गठ्ठ्यात डोकं खुपसून बसली होती. ताईला ती दिसली की नाही मला सांगता येणार नाही. तिने बराच वेळ त्या दिशेला बघितलं. मग म्हणाली, "परत ठेवून ये. इथे उपाशी राहील."

मी पान वेलाच्या जाळीत अडकवून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी, मी चहाला आधण ठेवलेलं असताना, ताई गेली.

मला त्या दिवसांत कशाचीच इच्छा नव्हती, फक्त एक सोडून. त्या अळ्यांचे किडे व्हावेत. त्या पुरत्या वाढल्या होत्या. काही तर कोश करायला पानांच्या कडेला जाऊन बसल्या होत्या. आणखी आठवडाभराचाच प्रश्न होता. ताई बरी होणार नाही हे मी पचवलं होतं, निदान तसं समजत होते. पण ती ज्याची वाट बघत होती ते, ती नसली तरी, त्या घरात घडावं. बाकी काही मागितलं नव्हतं मी. मनातल्या मनातसुद्धा.

स्मशानात मी गेले. आता बायकाही जातात, आणि अग्नी द्यायचा तर मीच होते. वहिनी आणि काकू घरी थांबल्या. आमच्याकडे रीत आहे: देह घराबाहेर पडला की मागे राहिलेल्या बायकांनी घर झाडून, धुऊन काढायचं आणि जिथे देह ठेवला होता तिथे पिठावर दिवा लावायचा. गेलेली माणसं परत येतात तेव्हा त्यांनी दारात पाय धुवायचे, कडुनिंबाचं पान चावायचं, दिव्याचं दर्शन घ्यायचं.

मी पाय धुतले, पान चावलं, आत आले. दिवा लावलेला होता. फरशी अजून ओली होती. फिनाइलचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक, घशाला लागणारा. कोणता ते मला पटकन कळेना. बाल्कनीच्या दारात गेले तेव्हा कळलं.

"सगळं धुऊन काढलं गं," वहिनी माझ्या मागे येऊन म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. "बाल्कनीत तर काय घाण, अगं! तो काळा मावा तर होताच, पण वेलभर अळ्या. काट्याकाट्यांच्या. शी! म्हटलं, आता दहा-बारा दिवस माणसं येणार भेटायला, आणि आजारी माणसाच्या घरात हे असलं. तुला कुठे ह्या सगळ्यात सुचणार होतं? झुरळांचा फवारा अख्खा मारला आणि वरून पाण्याचा पाइप धरला."

"डबा मी दिला," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे होता भरलेला."

ग्रिलवरून पाणी ठिबकत होतं. वेल धुतलेल्या केसांसारखा चापून बसला होता. मोरीच्या जाळीवर काही काळे तुकडे अडकले होते, बाकीचे पाण्याबरोबर गेले असणार. पानांच्या कडेला ज्या कोश करायला बसल्या होत्या त्या तिथेच होत्या, चिकटून. पण बोट लावल्यावर त्या जशा किंचित हलतात, तसं कुणी हललं नाही.

बोलण्यासारखी ती वेळ नव्हती आणि ज्यांच्याशी बोलायचं त्या दोघी सकाळपासून पाणीसुद्धा न पिता राबल्या होत्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून काकूंनी खालून पिठलं-भात आणला होता. आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं. मी दोनदा घेतलं.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे होते. माणसं यायची, दिव्याकडे बघायची, माझा हात हातात घ्यायची. "सुटल्या बिचाऱ्या." "फार सोसलं हो." "पण शेवट शांत झाला ना?" आणि जाताना हमखास कुणीतरी बाल्कनीकडे बघून म्हणायचं, "घर मात्र किती स्वच्छ ठेवलंय!" मी मान हलवायचे. मला त्या काळात एक गोष्ट कळली. शोक करणाऱ्या माणसाकडून लोकांची अपेक्षा फारशी नसते. त्याने मान हलवत राहावी, एवढीच असते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोडाचं जेवण झालं. पाहुणे गेले. चुलतभाऊ बाहेर खोलीत आडवा झाला होता. वहिनी ओट्याशी उभी राहून उरलेली खीर स्टीलच्या डब्यात भरत होती, आणि मी म्हणाले,

"वहिनी, त्या अळ्या ढालकिड्यांच्या होत्या."

"कशाच्या?"

"लेडीबगच्या."

"ते लाल लाल, गोड दिसतात ते? नातवाच्या दप्तरावर आहेत बघ, ते?"

"त्यांचीच पिल्लं."

"काहीतरीच! ते किती सुंदर असतात. ह्या तर बघवत नव्हत्या."

"लहान असताना तशाच दिसतात. त्याच मावा खातात. ताई तीन महिने त्यांची वाट बघत होती."

वहिनीचा चमचा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी चेहरा कोराच ठेवला होता, आणि मला वाटतं त्यानेच तिला जास्त लागलं.

"मग आधी सांगायचं नाही का गं?"

केव्हा? हे मी तोंडाने विचारलं नाही, पण तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघून मान हलवली तेव्हा? चुलतभाऊ तिरडीचं सामान घेऊन जिना चढत होता तेव्हा? हॉलमध्ये माणूस झाकून ठेवलेलं असताना मी सगळ्यांना थांबवून म्हणायचं होतं का, की जरा ऐका, बाल्कनीत अळ्या आहेत, त्यांना हात लावू नका? वहिनीचं म्हणणं खरं होतं. मी सांगितलं नव्हतं. आणि सांगायला जागा नव्हती, हेही खरं होतं.

"चुकलं गं माझं," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. मोठ्याने, खांदे हलवत, हातात खिरीचा चमचा तसाच. "मला काय ठाऊक? मी आपलं चांगल्यासाठी... तिच्यासाठी केलं गं मी. शेवटचं म्हणून केलं." बाहेरून चुलतभावाने हाक मारली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही दादा, ताईची आठवण आली त्यांना." मग मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला, तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे, वहिनी. किडेच होते." असं मी म्हणाले. बहीण माझी गेली होती आणि मी सांत्वन करत होते. त्या तेरा दिवसांत आणि त्याआधी मी एकदाही तशी रडले नव्हते. आता तर ती जागाही भरली होती.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, डब्याचं झाकण दाबून लावलं, आणि म्हणाली, "पण घर कसं लख्ख झालं होतं, ते बघ."

फवाऱ्याचं एक असतं. मारला की सगळं मरतं, पण सगळं सारख्याच वेगाने परत येत नाही. हे मी नंतर पुस्तकात वाचलं, पण वाचण्याआधी वेलावर पाहिलं. मावा आधी येतो. त्याला नर-मादीची गाठ पडायची गरज नाही, अंडी उबायची गरज नाही. एक उरली असेल तर ती जिवंत पिल्लंच टाकत सुटते. त्याला खाणारे मात्र उशिरा, पुरेसा मावा साठल्यावर, कुठून तरी उडत यायचे असतात. मधल्या काळात रान मोकळं. फाल्गुनाच्या सुरुवातीला देठ आधीपेक्षा काळे झाले. मुंग्यांची रांग पिंपापासून ग्रिलच्या टोकापर्यंत लागली. पानांवर काजळी चढली. ज्या थोड्या शेंगा लागल्या होत्या त्या वाकड्या होऊन वाळल्या. आणि कुणी यायला आता बाहेर कुणी नव्हतंच. समोर पत्र्यांच्या आड चौथा स्लॅब पडत होता.

मी रोज सकाळी बघत होते. ताईसारखी. भिंग घेऊन. आणि रोज सकाळी मला ताईचा राग यायचा, थोडा थोडा, जमत जाणारा. वेलाच्या बाबतीत तिचं बरोबर ठरत गेलं म्हणून तिला वाटलं की सगळंच असं असतं. शरीराचंही कुठून तरी कुणीतरी येईल आणि निस्तरेल. एवढी हुशार बाई. दुसऱ्यांच्या खात्यातली एक चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. आणि स्वतःच्या काखेत हात घालून ती सबंध उन्हाळा, सबंध पावसाळा बसून राहिली. मला सांगितलं नाही. मी शेजारच्या खोलीत वाचत बसलेली होते. हा राग कुणाला सांगता येत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, आणि मी बोलतेच.

होळीच्या आधी काकू वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. आता त्यांना जिना जड जातो. "रागावू नका हं. पण परत पडायला लागलंय. परवा सुनेच्या ड्रेसवर. ती काही बोलली नाही, पण... डबा देऊ का? अर्धा आहे."

"डबा नको," मी म्हटलं. "काढूनच टाकते."

"म्हणजे वेल?"

"वेल."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "होळीपर्यंत राहू द्या हवं तर. एवढी घाई नाहीये."

"घाई आहे," मी म्हणाले.

स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि त्याच सकाळी सुरुवात केली. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम, दुपार झाली. वेल ग्रिलच्या प्रत्येक गजाला वेटोळे घालून बसला होता आणि प्रत्येक वेटोळं वेगळं कापावं लागत होतं. हात कोपरापर्यंत काळे, चिकट झाले. मुंग्या चावल्या. पानं कापताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. कदाचित कुठे तरी पिवळा पुंजका असता. नसताही. मला बघायचं नव्हतं.

काकू पुन्हा वर आल्या, हातात माझ्यासाठी ताकाचा पेला. मोकळ्या ग्रिलकडे बघून म्हणाल्या, "बरं केलंत. तुमच्या ताईंना मी कितीदा म्हणायचे, काढून टाका म्हणून. त्यांचं आपलं एकच, थांबा काकू, थांबा."

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हाही तेच म्हणत होती."

काकू पेला पुढे धरून उभ्या राहिल्या. माझे हात भरलेले होते, म्हणून त्यांनीच तो माझ्या तोंडाला लावला, आणि मी उभ्या उभ्या ताक प्यायले.